जोडीचा कोयता

जीप फडाच्या कडेला थांबली आणि हरणाबाईच्या हातातला ऊस तसाच राहिला.

"भावजी..." ती पुटपुटली.

"गप!" मोळी आवळत गुंडा म्हणाला. "आवं म्हण. कितीदा सांगायचं?"

गुंडा तिचा धाकटा दीर. त्याची बायको बाळंत होऊन तिकडं आटपाडीच्या अंगाला घरी पडलेली. हरणाबाईचा नवरा गेल्या साली वारला. आणि मुकादम ज्योतिबा एकटं माणूस टोळीत घेत नव्हता. नवऱ्यानं तोडायचं, बायकोनं मोळ्या वाहायच्या, तेव्हा कुठं तो त्या दोघांचा मिळून एक कोयता धरायचा.

दुष्काळात सरकारी खडी फोडायला बाईचे दोन हात चालले होते. पाऊस पडला, खडी बंद झाली, आणि तेच हात कुणाला नकोसे झाले. शेवटी सासूनंच, बयाबाईनं, धाकटीच्या गळ्यातलं डोरलं काढून थोरलीच्या गळ्यात बांधलं. "नातवंडांस्नी काय माती चारू?" एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज सकाळी हरणाबाई आरशात न बघताच कपाळाला कुंकू टेकवायची.

मागच्याच आठवड्यात ज्योतिबानं एक खोटी जोडी हुडकली होती. त्यांची भांडी रस्त्यावर फेकून त्यांना हाकललं होतं.

जीपमधून पँटवाला साहेब उतरला. उसाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"मुकादम, तुमच्या टोळीत एक बाई बिनजोडीची आहे म्हणे. इस्लामपूरच्या स्टँडवर कळलं."

ज्योतिबाचं तोंड लाल झालं. "कोण म्हनला? माज्याकडं समदं जोडीचं हाय, सायेब. असली तर दावा, आत्ताच्या आत्ता वाटंला लावतो."

साहेब बायकांमधून फिरू लागला. एकेकीच्या हाताकडं निरखून बघत होता. हरणाबाईसमोर येऊन थांबला.

"नवऱ्याचं नाव काय, बाई?"

तिनं पदर दातात धरून तोंड फिरवलं. शेजारची दगडाबाई खिदळली. "आवं सायेब, दादल्याचं नाव तोंडानं घेत्यात व्हय? गुंडा हाय त्यो. राबतोय लय, पर मेला बायकूसंगं बोलंल तर शपथ!"

साहेब हसला नाही. "लग्नाला किती वर्षं झाली?"

"सात," गुंडा म्हणाला.

"पाच," हरणाबाईच्या तोंडून त्याच दमात निघालं.

सपसप चाललेले कोयते थांबले. ज्योतिबा पुढं सरकला. हरणाबाईला पोरांची तोंडं दिसली, आणि रस्त्यावर फेकलेली ती भांडीही दिसली.

ती एकदम उसळली. "सात कशी वो? पयली दोन वर्सं मला म्हायेरी टाकली हुती न्हवं, आयचं आयकून? ती बी धरतायसा व्हय? सांगा की सायबास्नी, का टाकली हुती! आता का मान खाली?"

गुंडाची मान खरोखरच खाली गेली.

"घे रं गुंडा!" दगडाबाईनं टाळी वाजवली. सगळा फड हसायला लागला.

ज्योतिबाची छाती फुगली. "बगा सायेब. खोटी बायकू अशी भांडंल व्हय?"

"नाही," साहेब म्हणाला. "पटलं."

हरणाबाईनं मोळी डोक्यावर घेतली. हंगाम पदरात पडला. पोरं जगली.

साहेब जीपकडं वळला. "लोक काहीही सांगतात. सकाळपासून फडामागून फड पालथे घालतोय."

"पर सायेब," ज्योतिबानं विचारलं, "घावली असती तसली बाई, तर काय केलं असतंसा?"

"याच जीपमध्ये बसवून नेली असती. सांगलीला आमची नवी सूतगिरणी उभी राहिलीय. बायका कामाला लागतात, हात बसतो, आणि हंगाम आला की नवरे त्यांना ओढून फडात नेतात. मालक वैतागलेत. म्हणतात, बारमाही काम देतो, पोरांसकट राहायला खोली देतो, पण बाई आणायची ती विधवाच आण."