कोरा चौकोन

माफीनामा लिहून द्यायचा आणि दुपारच्या आत स्टॉल उचलायचा, असं आकांक्षाने दुर्गाबाईला सुनावलं. अकोल्याचं हे हस्तकला प्रदर्शन आकांक्षाच भरवायची. तेल्हाऱ्याला भाजी विकणारी दुर्गाबाई पहिल्यांदाच आली होती, स्वतः रंगवलेल्या चाळीस पिशव्या घेऊन. प्रत्येक पिशवीवर वेल, वेलीवर तीन राघू.

तीच वेल, तेच राघू अमरावतीच्या गजेंद्रच्या साड्यांवर होते. साडी नऊ हजारांची. पत्रकात त्याचा फोटो, खाली ओळ : मोटरसायकलवर गावोगाव मीटरचं रीडिंग घेणारा पोरगा ते नामवंत डिझायनर.

त्याच्या वेलीत मधोमध एक उभा चौकोन कोरा होता. पानं त्याच्या काठाशी येऊन वळायची. वडील गेल्यावर उरलेली पोकळी आहे ती, असं तो मुलाखतीत सांगायचा. बायका डोळे पुसायच्या. दुर्गाबाईच्या पिशवीवर मात्र तिथे पानंच पानं.

"चोरायचं तर नीट चोरायचं ना, बाई," गजेंद्र म्हणाला. "पोकळी दिसलीच नाही तुले. भरत सुटली."

"माही वेल हाय थे. घरच्या भितीवर काढत होतो मी, दर दिवाईले."

"भिंतीवर होता का असा रिकामा चौकोन?"

दुर्गाबाईने क्षणभर विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"नाही. रिकामं काईच नोतं."

गजेंद्र आकांक्षाकडे बघून हसला. आता अजून काय पाहिजे?

आकांक्षाने भिंतीचा फोटो मागितला. दुर्गाबाईजवळ साधा फोन. आणि ती मातीची भिंत दोन वर्षांमागेच पाडून विटांची बांधली होती. भाजीवालीकडून माफीनामा घ्यायला कोरा कागद मात्र लगेच सापडला. दुर्गाबाईने सही करायला नकार दिला.

"स्टॉल उचलतो. सही नाही करत. माहं हाय थे माहंच हाय."

आकांक्षाने रद्द करायला तिचा अर्ज काढला. मागे रहिवासाचा पुरावा म्हणून विजेचं बिल टाचलेलं, तेही पाच वर्षांपूर्वीचं. कारकुनाने कुरकुरत ठेवून घेतलं होतं. बिलावर, रीडिंग घेताना काढतात तो, फोटो छापलेला होता. फुली मारायला टेकवलेला तिचा पेन तिथेच थांबला.

फोटोत मातीची भिंत होती. वेल होती, तीन राघू होते. आणि मधोमध, पानं काठाशी येऊन वळत होती तिथे, मीटर.