हात घालायला जागा

वाशीतलं हे तिसरं दुकान होतं आणि माझे पाय दुखत होते. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पस्तीस वर्षं गोणी वाहिल्या. आधी मशीद बंदरला, मग मार्केट इकडे आल्यावर तुर्भ्याला. आता त्यांची पाठ सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसवा. दुकानात दोन टब होते. एक साधा, खालून मोकळा, त्याला समोरून विटांची भिंत बांधावी लागते. दुसरा स्कर्टवाला, पुढची बाजू फरशीपर्यंत झाकलेली. नेऊन ठेवला की काम संपलं. बाथरूमचं काम चालू होतं, महिनाभर घरातलं सिमेंट झाडून मी कंटाळले होते, पुन्हा गवंड्याचं तोंड बघायचं नव्हतं. "स्कर्टवालाच घेऊ," मी म्हटलं. एरवी आप्पा म्हणतात, "सूनबाई, तू म्हणशील ते." आज मात्र ते गुडघ्यावर हात टेकून खाली बसले आणि टबाच्या बुडाशी बोटं फिरवत राहिले. "काय बघताय?" मी विचारलं. "खालनं हात घालायला जागा न्हाई ह्याला," ते म्हणाले. "आपला चौथा मजला, लिफ्ट न्हाई. गडी धरतील कुटं?" दाराबाहेर दुकानाचे दोन हमाल टेम्पोला टेकून उभे होते. "ते त्यांचं ते बघतील, आप्पा." "बघतील की. मी बी तसंच बघायचो." उठायला त्यांना माझा हात लागला, उभे राहिले तरी पाठ तेवढीच वाकलेली होती. मी दुकानदाराला म्हटलं, "तो साधा द्या. आणि इथे विटा कुठे मिळतील?"