विस्तव

भाताच्या भर रोवण्यात दुधरामनं बायकोला शेतात, बांधीतल्या चिखलात पाडून बदडलं. देवकाचं माहेर दूर कामठ्याला, पण अख्खं गाव तिच्या बाजूनं पेटून उठलं. "सुराज्य आलं, आता असा अन्याव नाही चालत," म्हणत पंचांनी दुधरामला वाळीत टाकलं. त्याच्या घराशी बोलणं बंद, येणं-जाणं बंद, त्या चुलीचा विस्तवही कोणी न्यायचा नाही.

सकाळी शेजारची रुख्मा नेहमीसारखी विस्तव मागायला येईल म्हणून देवकानं निखारे फुंकून ठेवले. रुख्मा कुंपणाशीच थांबली. "आमी तुयासाठीच करून राहिलो बाई," एवढं म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

दिवाळी आली तेव्हा देवकाशी बोलणारं गावात एकच माणूस उरलं होतं.



"भात वाढ," दुधराम म्हणाला.