मागची सीट

शेवटचा बोल्ट निघाला आणि मोटरसायकलच्या मागच्या सीटवरची पत्र्याची पेटी हलली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली. फारच हलकी निघाली. उघडून बघितलं तर आत काही म्हणजे काहीच नाही.

दर रविवारी नवरा ही पेटी मागे घेऊन भटकायला जायचा. विचारलं तर "सामान लागतं वाटेत," म्हणायचा. हे सामान! म्हणजे तिला इतके दिवस वाटत होतं तेच खरं. ती जागा राखून ठेवलेली होती.

त्याची पहिली बायको त्याच सीटवरून गेली. एका वळणावर गाडी घसरली. त्याचं खरचटण्यावर निभावलं, ती जागीच गेली. गाडी दुरुस्त झाली.

लग्न ठरतानाच त्याने हे सगळं सांगितलं होतं. हिनेही सांगून टाकलं होतं, की माझ्यापुढे मोटरसायकलचं नाव काढायचं नाही. ती हाडांच्या वॉर्डात नर्स. पाय टांगून पडलेले मोटरसायकलवाले रोज बघायचे, वर घरीही तेच? "बरं," तो म्हणाला होता. किती पटकन म्हणाला! मित्र बायकांना घेऊन निघाले की हा हसून सांगायचा, "आमच्या मॅडम घाबरतात." आणि एकटाच जायचा. परत यायचा तो कुणाला तरी भेटून आल्यासारखा गप्प. गाडी जिन्याखाली उभी असायची. तिथून जाताना ती भिंतीला चिकटून जायची. सीटवर कुणीतरी बसलंय आणि आपल्याकडे बघतंय, असं वाटायचं. आता मेलेल्या बाईशी माणसाने भांडायचं तरी कसं?

मग एक दिवस तिचं डोकं फिरलं. फिजिओथेरपीवाल्या मैत्रिणीकडे मोटरसायकल होती. ड्यूटी संपली की दोघी हॉस्पिटलच्या धोबीघरामागच्या मोकळ्या जागेत. "पड बिनधास्त," मैत्रीण म्हणाली, "वॉर्ड जवळच आहे." ती पडली, रडली, गाडीला शिव्या घातल्या आणि शिकली. लायसन्सही काढलं. घरी पत्ता लागू दिला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. नवरा हेल्मेट घेऊन खाली आला आणि मोकळी सीट बघून थबकला.

"पेटी कुणी काढली?"

"मी. माझी भीती गेली. आजपासून मीपण येणार."

त्याने हेल्मेट घातलं. गाडीवर बसला. तीही मागे बसली. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलेना. दाबलेला क्लच तो सोडेचना. लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये लोंबकळून दुरुस्त्या करणारा हा माणूस, आणि मान घामाने भिजलेली. त्याने इंजिन बंद केलं.

"ही जागा अजून तिचीच आहे ना?" तिने विचारलं. "तसं सांग सरळ. मी उतरते."

"तिची नाही गं." तो समोरच बघत राहिला. "तिथे कुणी बसूच नये म्हणून पेटी बसवली. दर रविवारी त्या वळणावर जाऊन येतो. एकटा असलो की वळते गाडी. मागे कुणाचा श्वास लागला, की मला तिची किंकाळी ऐकू येते."

ती उतरली. मग त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतः घातलं.

"सरक मागे."

त्याने चकित होऊन तिच्याकडे बघितलं, पण सरकला. तिने किल्ली फिरवली, क्लच अलगद सोडला. गाडी जिन्याखालून उन्हात आली. त्याने दोन्ही हातांनी तिची कंबर गच्च धरली आणि तिच्या पाठीत तोंड खुपसलं.

"हळू घे हं," तो म्हणाला. "मला फार भीती वाटते."