मदरचा आवाज

नर्स सिस्टरनी मदरच्या सुजलेल्या जबड्याभोवती गरम फडकं गुंडाळलं, डोक्यावर सशाच्या कानांसारखी गाठ मारली आणि बजावलं, की बोलायचं नाही, उठायचं नाही, या खोलीत सगळे पेशंट सारखे. मदरनी मुकाट्याने मान डोलावली. डोंगरावरच्या या शाळेला शंभराहून जास्त वर्षं झाली होती, पण खुद्द मुख्याध्यापिका गालगुंड होऊन मुलींच्या आजारखोलीत येऊन पडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण सिस्टरांच्या निवासात वयस्कर मंडळी होती, त्यांना लागण नको म्हणून ही सोय.

खोलीत आणखी दोघीच होत्या. पहिलीतली एक चिमुरडी आणि चौथीतली एक, जिला सगळी शाळा भोंगा म्हणायची. भोंगाकडे नजर गेली तरी मदरचा जबडा जास्त ठणकायचा. गालगुंडाची साथ सुरू होण्याआधी या पोरीने ऑफिसातला माइक लावून, हुबेहूब मदरच्या आवाजात, अख्ख्या शाळेला सुट्टी देऊन टाकली होती. शिक्षिकासुद्धा पिशव्या उचलून चालत्या झाल्या. नेमके त्याच दुपारी बिशप पाहणीला आले, तेव्हा त्यांच्या स्वागताला फाटकात फक्त मांजर होतं. मदरनी सगळ्यांसमोर निकाल सांगितला: आजोबांना बोलवा आणि हिला घरी पाठवा. मध्येच गालगुंड झालं म्हणून ती तेवढी राहिली. आता तिची सूज उतरली होती आणि आजोबा आज-उद्या यायचे होते.

दुपारी चिमुरडी मुसमुसायला लागली. तिला घोट गिळवत नव्हता आणि आई हवी होती. इतके दिवस भोंगा नाना आवाज काढून तिला हसवायची. पण आता शेजारच्या खाटेवर साक्षात मदर, त्यामुळे भोंगाची दातखीळ बसली होती. "तो मदरचा काढ ना," चिमुरडी कुजबुजली. भोंगाने तिला डोळ्यांनीच दटावलं. रडणं आणखी वाढलं.

"काढ," भिंतीकडे तोंड करून मदर पुटपुटल्या. त्यांचा जबडा उघडत नव्हता. पुटपुटणं तेवढं जमत होतं.

भोंगा खाटेवर ताठ बसली. मग खोलीत मदरचा आवाज उमटला. "मुलींनो, मी रागावलेली नाही. मला फक्त वाईट वाटलंय. मला वाईट वाटून घ्यायला अजिबात वेळ नसतो, तरीही वाटलंय."

तोच बारीक खोकला, तोच वाक्याआधीचा श्वास. स्वतःचा आवाज असा समोरून मदरनी कधी ऐकला नव्हता. ही बाई इतकी खडूस असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांना हसू फुटलं. हसताना दोन्ही गालांतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या कळेचंही पुन्हा हसूच आलं. चिमुरडी तर उशीत तोंड खुपसून खिदळत होती.

दार उघडलं. दारात नर्स सिस्टर.

"मदर, तुम्हाला बोलायची मनाई आहे ना? खाली जिन्यापर्यंत आवाज येतोय. तुम्हीच असं वागलात तर या पोरींनी कुणाकडे बघायचं?"

भोंगा कबुली द्यायला खाटेवरून उतरलीच होती. मदरनी चादरीतून हात काढून तिला थोपवलं. "चुकलं, सिस्टर," त्या पुटपुटल्या, आणि समोर आलेलं कडू औषध तोंड वाकडं न करता प्यायल्या.

सिस्टर गेल्या न गेल्या तोच खालून कुणीतरी हाक मारली. मदर उठून खिडकीशी गेल्या. बागेत भोंगाचे आजोबा उभे होते, चढण चढून धापा टाकत, टोपी हातात घेऊन. वर यायची त्यांना परवानगी नव्हती. मदर दिसताच ते घाईघाईने बोलू लागले. पोर आमच्याच लाडाने बिघडली, तुम्हाला फार मनस्ताप झाला, सामान बांधून झालं असेल तर घेऊन जातो. हे सगळं ते स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणत होते.

मदरनी उत्तर द्यायला जोर लावला, तर आतून नुसती घरघर आली. मागे भोंगा चपला शोधायला खाटेखाली वाकली होती आणि नाक ओढत होती. एकदा सांगितलेला निकाल मागे घ्यायची मदरना सवय नव्हती. तो घेतात कसा, हेही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

त्यांनी बोटाने भोंगाला जवळ बोलावलं. "इथेच राहणार म्हणून सांग त्यांना."

भोंगाने हातातली चप्पल खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "माझं सांगितलेलं घरी कुणी खरं धरत नाही, मदर."

मदरनी जरा विचार केला आणि खिडकीच्या खालच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भोंगा तिथे टेकून उकिडवी बसली.

"आजोबा," मदरचा आवाज बागेत खणखणला, "तुमची नात कुठेही जाणार नाही. ती इथेच शिकेल." वर खिडकीत मदर ओठ हलवत होत्या. आजोबांनी मान वर केली.

"फार गुणी मुलगी आहे ती," आवाज पुढे म्हणाला. हे काही ठरलेलं नव्हतं. मदरनी सपातेने खाली एक टोला दिला. "गणितात थोडी कच्ची आहे," आवाजाने लगेच सावरून घेतलं, "पण पेपर मीच जरा कडक तपासते."

मदरनी दुसऱ्या टोल्यासाठी पाय उचलला. खाली म्हाताऱ्याने टोपी छातीशी धरली होती आणि तो तोंडभर हसत होता. मदरनी पाय परत जमिनीवर ठेवला आणि त्या ओठ हलवत राहिल्या.