दगडाला पाय

विष्णू जिंकला. दिवाळीची रजा त्याला मिळाली. मॅनेजर टॉडने पाठीवर थाप मारून तसं जाहीरही केलं. हे चार मिनिटं टिकलं. पुढे ते झालंच नव्हतं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

सप्टेंबर २००७मधला एक शुक्रवार. टॉडने अख्ख्या टीमला अमेरिकेतल्या बॉथेलजवळच्या एका कर्लिंग क्लबात आणलं होतं. यात बर्फावरून वीस किलोचा दगड सरकवायचा असतो आणि दोघांनी त्याच्या पुढेपुढे झाडू मारत पळायचं असतं. विष्णूने वर्ध्याच्या घरी कधी झाडू हातात घेतला नव्हता. त्यासाठी एम.एस. आणि एच-वन व्हिसा दोन्ही लागलं.

दिवाळीच्याच आठवड्यात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. म्हणजे विष्णू आणि त्याचा रूममेट सिद्धेश, दोघांपैकी एकाने बिघाडाचा पेजर सांभाळत इथेच थांबायचं होतं. विष्णू तीन वर्षं घरी गेला नव्हता. सिद्धेश गेल्याच वर्षी जाऊन आला होता. टॉडला निर्णय घ्यायचा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला तो टीम-बिल्डिंग म्हणायचा. आठवड्याच्या सुरुवातीलाच दोघांना दोन संघांत टाकून तो म्हणाला होता, जिंकेल तो इंडियाला जाईल. निकाल लागेपर्यंत कुणीच तिकीट काढायचं नाही, असं दोघांनी घरी भाताचा कुकर लावताना ठरवलं होतं.

शिकवायला इन्ग्रिड नावाच्या सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी एकच नियम दोनदा सांगितला. "इथे अंपायर नसतो. सरकत्या दगडाला बूट किंवा झाडू लागला, तर ज्याचा लागला त्याने स्वतःहून सांगायचं. तो दगड बाद."

विष्णूने मान डोलावली. सिद्धेशनेही डोलावली. आपली चूक आपण होऊन सांगायची नसते, हे दोघांनीही इंजिनिअरिंगच्या व्हायव्हांमध्ये शिकून घेतलं होतं.

शेवटचा दगड विष्णूच्या संघाचा होता. डेटाबेसमधल्या लिंडाने तो सोडला आणि ती पोटावर पडली. सगळे तिच्याकडे बघत असताना विष्णू दगडापुढे झाडू मारत निघाला, घसरला, सावरला, आणि सावरताना त्याच्या डाव्या बुटाची कड दगडाला लागली. अगदी हलकेच. दगडाने मनावर घेतलं नाही. तो सरकत गेला आणि बर्फावर रंगवलेल्या गोलाच्या बरोबर मधोमध थांबला. त्या गोलाला इथे 'हाउस' म्हणतात.

टॉडने जाहीर केलं ते तेव्हा.

कुणी काही पाहिलं नव्हतं. विष्णूने फक्त गप्प उभं राहायचं होतं, आणि तो राहिलाही. पण त्याचा उजवा हात त्याला न विचारता खाली गेला, दगडाला लागला, तिथून छातीला आणि छातीवरून कपाळाला.

"हे काय होतं?" इन्ग्रिडबाईंनी विचारलं.

"आभार मानले," विष्णू म्हणाला. "आमच्याकडे खेळून झालं की दगडाचे आभार मानतात."

बाईंना गहिवरून आलं. चाळीस वर्षं दगड सरकवतेय, पण हे कुणाला सुचलं नाही, म्हणाल्या. टॉडने लगेच दगडाला हात लावून छातीला लावला. मग लिंडाने. मग सगळे ओळीने. दर्शनाची रांग लागली.

रांगेत नव्हता तो फक्त सिद्धेश. तो विष्णूजवळ येऊन उभा राहिला.

"पाय लागला ना?"

"हळू बोल."

"इथे कुणाला मराठी येतंय?"

"सिद्ध्या, नको यार. आईला परवाच सांगितलंय, येतोय म्हणून."

"मग मी काय करू? माझा मुलगी बघायचा कार्यक्रम ठरलाय. तिकीट काढलंय मी."

"कधी?"

"मंगळवारी."

कुकरची गोष्ट सोमवारची होती. विष्णूने मनातल्या मनात मोजून पाहिलं. शिळा भात संपायच्या आत याने तिकीट काढलं होतं.

"ओके," विष्णू म्हणाला. "पण सांगू नकोस."

सिद्धेशने बाईंना सांगितलं. इंग्रजीत, शांतपणे, व्याकरण सांभाळून. आमच्याकडे एखाद्या वस्तूला पाय लागला की अशी माफी मागायची पद्धत आहे, आभार मानायची नाही. वाटल्यास त्याला विचारा.

बाईंनी विचारलं नाही. फक्त विष्णूकडे बघत राहिल्या. रांगेत दगडाला हात टेकवून वाकलेला एक जण तसाच वाकून राहिला. विष्णूने हात वर केला. तोच, उजवा. बाईंनी झाडूच्या टोकाने दगड हाउसबाहेर ढकलला. मग टॉडने सिद्धेशच्या पाठीवर थाप मारली.

घरी परततानाही गाडी सिद्धेशचीच होती. अपार्टमेंटमध्ये शिरताच विष्णूने बूट न काढता लॅपटॉप उघडला आणि कंपनीचा रजेचा फॉर्म भरला. कारणाच्या चौकटीत त्याने लिहिलं:

'अर्जदाराचा उजवा हात कार्यालयीन खेळात अर्जदाराच्या परवानगीशिवाय वागला असून, त्यास वर्ध्याचे नियम अद्याप लागू असल्याचे दिसून आले आहे. सबब सदर हातास दिनांक ५ ते १६ नोव्हेंबर रजा मंजूर व्हावी. तो सहकारी श्री. सिद्धेश यांच्या हँडबॅगेतून जाईल व अर्जदाराच्या आईच्या पाया पडून त्याच मार्गाने परत येईल. उर्वरित अर्जदार येथेच थांबेल व डाव्या हाताने पेजर सांभाळेल, ही नम्र विनंती.'