गुडघाभर खाली

"आधी नीट बघ, मग बोल," बाबा म्हणाले. "आणि शक्यतो 'काही नाही' असंच बोल."

दान्बी तेगूच्या विद्यापीठातून तास बुडवून आली होती. या हिवाळ्यात पुरातत्त्वाची पदवी हातात पडणार होती, नोकरीचा मात्र पत्ता नव्हता. चार वर्षं बाबा एकच विचारत आले होते, "खापरं चिकटवून पोट भरतं का गं?" आज सकाळी त्यांनीच फोन केला.

ग्योंगजू म्हणजे कोरियाची जुनी राजधानी; इथे पाया खणायचा तो जीव मुठीत धरूनच. खाली कुठला तरी राजा नाहीतर बौद्ध मठ निघतो, सरकार दोरी बांधतं आणि सिमेंटची पोती जागेवर दगड होतात. बाबांनी बावीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात नूडल्स रांधून स्वतःच्या दुकानासाठी ही जागा घेतली होती. गुडघाभर खणलं आणि कौलाचा तुकडा वर आला.

"अगं, माझ्या आजीच्या घरावर अशीच कौलं होती!" खोदयंत्रावरून बे काका ओरडले. "टाक इकडे, मातीबरोबर ओतून येतो. कोण विचारतंय?"

दान्बीने तुकडा उलटा केला. आतली माती अंगठ्याने पुसली. बारीक विणीचा ठसा दिसला. कापड गुंडाळलेल्या साच्यावर हाताने थापलेलं कौल; हजार वर्षांपूर्वीचं तरी असेल. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळलं असतं. तिला आनंद झाला आणि लगेच त्याची लाज वाटली.

ती खड्ड्यात उतरली. आणखी चार कौलं एकावर एक रेलून पडली होती.

"बाबा, छप्पर कोसळलं तसंच आहे खाली."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. सरकारी तपासणीची रांगच दीड वर्षाची आहे. मग खोदकाम."

"आणि काही मोठं निघालं तर?"

"तर इथे दुकान होणार नाही. कधीच."

बाबा मातीच्या ढिगावर बसले. बे काकांनी यंत्र बंद केलं.

"मग मला बोलावलंत कशाला?" दान्बीचा आवाज चढला. "काकांनी ओतलं असतं की! मला कळलंही नसतं."

"ओतलं असतं," बाबा म्हणाले. "मग तुझ्यासमोर जेवायला कसा बसलो असतो?"

तिने नगरपालिकेच्या वारसा कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी पत्ता विचारला, खोली विचारली, मग म्हणाल्या, "शोधणाऱ्याचं नाव सांगा."

"सॉक ग्वांगसू," दान्बी म्हणाली.

बाबांनी मातीने माखलेला हात हलवला.

"माझं नको, तुझं सांग. नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडेल. दोघांपैकी एकाचं तरी काम सुरू होऊ दे."